शांततेत दाबलेलं बटण

इस्पितळात तिला सगळे कानताई म्हणत. हे नाव तिला मुळीच आवडत नव्हतं. पण बावीस वर्षं लोकांचे कान तपासणाऱ्या बाईला लोक दुसरं काय म्हणणार? दातांच्या विभागातल्या बाईंना मात्र कुणी दातताई म्हणत नसे, एवढंच तिचं दुखणं होतं.

तिची खोली तळमजल्यावर, लांबलचक बोळाच्या अगदी टोकाला. त्या खोलीच्या पोटात आणखी एक खोली होती, कपाटापेक्षा थोडी मोठी, जाड दाराची, आतून करड्या स्पंजानं मढवलेली. आत एक खुर्ची, कानावर चढवायचे हेडफोन आणि वायरच्या टोकाला एक बटण. माणूस आत बसला, दार लागलं, की बाहेरचं जग गप्प. बाजूच्या भिंतीत एक काच, आणि काचेच्या अलीकडे कानताई आणि तिचं यंत्र. ती यंत्रातून एक सूर सोडायची. आतल्या माणसाला तो ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं, म्हणजे बाहेर हिरवा दिवा लागायचा. मग ती आवाज कमी करायची, आणखी कमी करायची, दिवा लागेनासा झाला की जरा वाढवायची. उजव्या कानासाठी कागदावर लाल गोल, डाव्यासाठी निळी फुली.

दिवसाला वीस-बावीस माणसं. कुणालाही कंटाळा यावा असंच काम होतं ते. पण त्यात एक गंमत होती. काही माणसं सूर ऐकण्याऐवजी नुसत्या ठेक्यावर बटण दाबत राहतात. अशांना पकडायचं, तर तपासणाऱ्यानं मधेच थांबायचं. सूर सोडायचाच नाही. आठ-दहा सेकंद चिडीचूप. त्या वेळात दिवा लागायला नको. पण लागायचा. महिन्यातून दोघा-तिघांचा तरी हटकून लागायचाच.

बाकीचे तपासनीस अशा वेळी कपाळाला हात लावतात आणि "आवाज आला तरच दाबा हं" असं दटावून पुढं जातात. कानताईला लहानपणापासून नको तिथं नाक खुपसायची खोड. ती उठायची, जाड दार उघडायची आणि विचारायची, "आत्ता काय ऐकलंत?"

आणि लोक चक्क सांगायचे! एक ट्रकचालक म्हणाला होता, लांब कुणीतरी गाडी मागं घेतंय. एक गवंडी म्हणाला, बादली काठोकाठ भरत आली की येतो तसला आवाज. शिवणकाम करणारी एक बाई म्हणाली, "कुणीतरी सुई टेबलावर ठेवली." आठ वर्षांची एक पोरगी तर तिच्याकडे रोखून बघत म्हणाली, "सांगणार नाही." कानताईनं एक जाड वही केली होती. नाव लिहायचं नाही, फक्त वय आणि उत्तर. एकोणीस वर्षांत त्या वहीत सहाशेच्या वर उत्तरं जमली होती.

सूर नव्हता. मग या सहाशे माणसांनी ऐकलं तरी काय? हा प्रश्न तिचा पिच्छा सोडत नव्हता. बसच्या रांगेत, भांडी घासताना, कुणाच्या लग्नात फोटोसाठी उभं असतानासुद्धा ती तोच विचार करत असायची. विभागाच्या मोठ्या डॉक्टरांना तिनं एकदा वही दाखवली. त्यांनी उभ्या उभ्या चार पानं उलटली. "अहो, माणूस चुकून दाबतो. तुम्ही कारण विचारलंत की काहीतरी ठोकून देतो. उगाच विचारत बसू नका, बाहेर रांग वाढते." झालं. इतक्या वर्षांवर एका मिनिटात पाणी.

तिला वाईट वाटलं. पण गप्प बसेल ती कानताई कसली? तिनं एका मासिकाचा पत्ता शोधून काढला.

हे मासिक म्हणजे मोठं अजब प्रकरण होतं. उडणारी घरं, उलटा वाहणारा काळ, माणसाच्या पोटी जन्मलेली झाडं, असल्या गोष्टी छापणारं. तिचे सासरे त्याचे जुने वर्गणीदार. ते गणिताचे मास्तर, निवृत्त होऊन सोळा वर्षं झालेली, पण मास्तरकी अंगातून काही जात नव्हती. मासिक आलं की लाल पेन घेऊन बसायचे आणि ज्या कथेत हिशेब चुकेल तिथं समासात फुली मारायचे. "प्रकाशाला इतकं अंतर जायला चार वर्षं लागतील, हा शहाणा दोन दिवसांत पोचतोय!" असं ओरडायचे. ओरडायचे म्हणजे खरंच ओरडायचे, कारण गेली काही वर्षं त्यांना कमी ऐकू येत होतं. आणि ते कानताईकडून तपासून घ्यायला तयार नव्हते. सून कानांची तपासनीस आणि सासरा ठार बहिरा होण्याच्या वाटेवर, यावरून इस्पितळात दातवाल्या बाईंनी दोन-तीनदा तिला टोमणे मारून घेतलेच होते.

त्या मासिकात वर्षातून एकदा, पंधरा दिवसांसाठी, बाहेरच्यांकडून लेखन मागवलं जाई. कथा, निबंध किंवा चित्र, तिन्हींपैकी एकच, एका माणसाकडून एकदाच. लेखनावर नाव नको, नाव-फोन वेगळ्या कागदावर, म्हणजे वाचणाऱ्याला लिहिणारा कोण ते कळायला नको. हा नियम कानताईला फार आवडला. तिच्या वहीत तरी कुणाचं नाव कुठं होतं?

पहिल्या वर्षी तिनं वहीतली निवडक उत्तरं नीट उतरवून "निबंध" म्हणून पाठवली. दोन महिन्यांनी उत्तर आलं, 'निबंध सत्यावर आधारलेला असावा. आपलं लेखन रचलेलं वाटतं.' ती दोन दिवस कुणाशी धड बोलली नाही. सासऱ्यांनी पत्र वाचलं आणि म्हणाले, "तुझं खरं आहे हेच त्यांना खोटं वाटलं. म्हणजे लिहिलंयस चांगलं!" कौतुक होतं की चिमटा, तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

दुसऱ्या वर्षी तिनं कागदावरचे लाल गोल आणि निळ्या फुल्या मोठ्या करून काढल्या, शांततेतली बटणं पिवळ्या ठिपक्यांनी दाखवली आणि "चित्र" म्हणून पाठवलं. उत्तर आलं, 'रंगसंगती सुरेख. मात्र विणकामाचे नमुने आम्ही छापत नाही.' या वेळी सासरे इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि पाणी आणून देताना तिलाही हसू फुटलं.

तिसरं वर्ष उजाडलं तेव्हा मात्र हसण्यासारखं काही उरलं नव्हतं. इस्पितळात नवं यंत्र येणार असल्याचं पत्रक लागलं. त्या यंत्राला तपासनीस लागत नाही. माणूस पडद्यासमोर बसतो, यंत्र आपलं आपण सूर सोडतं, आपणच गोल आणि फुल्या काढतं. मधे थांबतंसुद्धा. आणि कुणी शांततेत बटण दाबलं तर ते यंत्र त्याला "चूक" म्हणून मोजतं आणि पुढं जातं. कानताईला दुसऱ्या मजल्यावर कानात बसवायची यंत्रं विकत घेणाऱ्यांच्या नोंदी ठेवायचं काम मिळणार होतं. नोकरी जाणार नव्हती, पगार तोच राहणार होता. पण यापुढे त्या खोलीचं दार उघडून "आत्ता काय ऐकलंत?" असं कुणीही विचारणार नव्हतं. प्रश्न मरणार होता, आणि कुणाला त्याचा पत्ताही लागणार नव्हता. तिला याची भीती वाटली.

म्हणून या वेळी तिनं कथा लिहिली. एका शहरात एक कान तपासणारी बाई असते. तिच्या लक्षात येतं की शांततेत बटण दाबणारे सगळे, वेगवेगळ्या दिवशी का होईना, बरोबर एकाच वेळी दाबतात. सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी. ती शोध घेते, माणसांच्या मागं लागते, लोक तिला वेडी ठरवतात. शेवटी एके दिवशी ती स्वतःच आत जाऊन बसते. बाहेर, काचेपाशी, सगळं गाव गोळा झालेलं असतं. अकरा वाजून सहा मिनिटं होतात. इथं अकरावं पान संपत होतं. बाराव्या पानावर क्रमांक होता आणि बाकी काही नव्हतं. कोरं.

ते तिनं मुद्दाम ठेवलं होतं. तिच्या धंद्यात शांतता ही तपासणीचा भाग असते. वाचणाऱ्यालाही थोडा वेळ चिडीचूप बसवायचं, त्याचा दिवा लागतो का बघायचं, असा तिचा बेत. वर एक सूचना द्यावी हे तिच्या डोक्यातही आलं नाही. शांतता सांगून केली तर तपासणी कसली?

एका गुरुवारी दुपारी तिला फोन आला. मासिकाच्या संपादकबाई स्वतः बोलत होत्या, घाईघाईनं, एका दमात.

"तुमची कथा दोघा वाचकांनी पसंत केलीय, मलाही आवडलीय, पण बारावं पान कोरं आलंय. फाइल पुन्हा पाठवता का?"

"ते कोरंच आहे," कानताई म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे तसंच आहे ते. शेवट."

मग संपादकबाई म्हणाल्या, "अहो, कोरं पान गेलं की वर्गणीदारांचे अंक परत येतात, छपाईत चूक झाली म्हणून. एकदा झालंय तसं. आणि खरं सांगू का? मी अकराव्या पानापर्यंत धावत आले आणि तुम्ही मला दारात उभं केलंत. तिनं काय ऐकलं?"

"मला माहीत नाही."

"मग माहीत करून घ्या. तुम्ही स्वतः कधी बसलात का त्या खुर्चीत?"

"मी आत बसले तर यंत्र कोण चालवणार?" कानताई म्हणाली. उत्तर अगदी बरोबर होतं, पण तोंडातून निघाल्यावर तिला ते विचित्र वाटलं. बावीस वर्षांत ती त्या खुर्चीत बसली होती ती फक्त स्पंज झाडायला.

"उद्या संध्याकाळी सहाला अंक छापायला जातो," संपादकबाई म्हणाल्या. "तोवर बारावं पान आलं तर तुमची कथा आत. नाहीतर मला दुसरी घ्यावी लागेल. मनापासून सांगते, मला ती घ्यायची नाहीये."

त्या संध्याकाळी तिनं पाच शेवट लिहिले. एकात बाईला मेलेल्या माणसांचा आवाज ऐकू आला, एकात परग्रहावरचा. एकात तिचं स्वतःचं हृदय. पाचही तिनंच खोडले. ज्या प्रश्नाचं उत्तर स्वतःलाच ठाऊक नाही त्याचं उत्तर लिहिताना आपण मोठ्या डॉक्टरांनी म्हटल्याप्रमाणे काहीतरी ठोकून देतोय, असं तिला वाटत राहिलं.

सासरे समोर बसून तिचीच कथा वाचत होते. लाल पेन हातात. अकरावं पान झालं, त्यांनी बारावं उलटलं, परत सरळ केलं, दिव्यासमोर धरून बघितलं.

"कोरं?" ते ओरडले. "आयुष्यभर पोरांना सांगत आलो, येत नसेल तरी काहीतरी लिहा, कोरी वही देऊ नका! शून्य मार्क!"

"बाबा, हळू. शेजारी ऐकतील."

"ऐकू देत. मला तरी कुठं येतंय." त्यांनी पेन खाली ठेवलं. मग अगदी वेगळ्या, खालच्या आवाजात म्हणाले, "अगं, तू लोकांना हे विचारतेस होय? मला वाटलं होतं, तू आत बसवतेस आणि नापास करतेस."

चार वर्षं हा माणूस तपासणीला नाही म्हणत होता तो यासाठी! चाळीस वर्षं दुसऱ्यांचे पेपर तपासलेल्या मास्तरांना स्वतःचा पेपर कुणी तपासावा याची धास्ती बसली होती. तिला हसू आलं नाही. आपण हे आधी का ओळखलं नाही, म्हणून तिला स्वतःचा राग आला.

"उद्या या," ती त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाली. "सोमवारी नवं यंत्र येतंय. ते काही विचारणार नाही."

शुक्रवारी तीन वाजता मास्तर आले, इस्त्रीच्या शर्टात, खिशाला पेन लावून, परीक्षेलाच आल्यासारखे. तिनं त्यांना आत बसवलं, हेडफोन चढवले, बटण हातात दिलं, दार लावलं. लाल गोल खाली खाली उतरत गेले, निळ्या फुल्या त्याहून खाली. कान बराच गेला होता, पण तिला वाटलं होतं तितका नाही. कानात यंत्र बसवलं की काम भागण्यासारखं होतं. तिचा जीव भांड्यात पडला.

मग, सवयीनं, ती थांबली. सूर सोडला नाही. यंत्राच्या तबकडीवरची नजर उचलून तिनं काचेतून त्यांच्याकडे बघितलं. सात सेकंद. आठ. नऊ.

हिरवा दिवा लागला.

ती उठली, दार उघडलं, त्यांच्या एका कानावरचा हेडफोन बाजूला केला आणि मोठ्यानं विचारलं, "आत्ता काय ऐकलंत, बाबा?"

मास्तर गालातल्या गालात हसले. वर्गात एखाद्या पोरानं अवघड उदाहरण विचारलं की असंच हसत असतील. "सांगितलं तर कॉपी होईल. तू बस इथं, मी उठतो. स्वतः सोडव."

"बाबा, यंत्र कोण चालवणार?"

"मी चालवतो. यंत्राला काय मी घाबरतो?"

त्यांना यंत्रातलं ओ की ठो कळत नव्हतं हे दोघांनाही ठाऊक होतं. पण बाहेर आता कुणी थांबलेलं नव्हतं, सहाला अजून अवकाश होता, आणि पान कोरंच होतं. कानताई खुर्चीत बसली. हेडफोन चढवले, बटण हातात घेतलं. दार बंद झालं.

एवढी शांतता तिनं कधी अनुभवली नव्हती. स्वतःच्या गिळण्याचा आवाज आला, मानेतली शीर थडथडली. खुर्चीचं तोंड समोरच्या भिंतीकडे होतं. खुर्ची तशी आडवी मुद्दाम ठेवतात, माणसाला तपासणाऱ्याचे हात दिसू नयेत म्हणून. समोर, डोळ्यांच्या रेषेत, एक सूचना जराशी तिरकी टांगलेली होती, 'सूर ऐकू आला की बटण दाबा.' एकोणीस वर्षांपूर्वी कागद फाटायला लागला म्हणून तिनंच ती काच बसवून चौकटीत घालून आणली होती.

त्या चौकटीच्या काचेत मास्तर दिसत होते.

अगदी स्पष्ट. खिडकीपाशी वाकलेले. कुठलं बटण दाबावं ते न कळून हात तसेच हवेत धरलेले. ते यंत्राकडे बघत नव्हते, तिच्याकडे बघत होते. भुवया वर, तोंड किंचित उघडं, सगळा चेहरा पुढं आलेला. आता होईल, आता होईल, असा. सुनेचं उत्तर बरोबर यावं म्हणून श्वास धरून बसलेला म्हातारा.

सूर कुठून येणार? मास्तरांनी एकही कळ दाबली नव्हती. तिला एवढासाही आवाज आला नाही. तरी ते वाट बघत होते आणि तिला ते बघवेना. तिचा अंगठा आपोआप खाली गेला.

बाहेर हिरवा दिवा लागला. मास्तरांनी दोन्ही हात वर केले, दिवा जणू त्यांनीच शोधून काढला होता. मग धडपडत येऊन त्यांनी जाड दार ओढलं आणि ओरडून विचारलं, "काय ऐकलंस?"

आजवर हे तिला कुणी विचारलं नव्हतं. एकोणीस वर्षं, दर वेळी शांतता सुरू झाली की ती तबकडीवरून नजर उचलून बघत होती. आतल्या माणसाला त्या चौकटीच्या काचेत तिचा चेहरा दिसत होता, भुवया उचललेला, उत्सुक. आणि मग दार उघडून ती अशा काही आशेनं विचारत होती की माणसं रिकाम्या हातानं तिला परत पाठवत नव्हती. कुणी बादली दिली, कुणी सुई. तिला आधी लाज वाटली. मग सहाशे अनोळखी माणसं एकेक करून आठवायला लागली आणि तिचे डोळे भरून आले.

"काही नाही ऐकलं, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही वाट बघत होतात."

"मग!" मास्तर म्हणाले. "मी तरी बटण दाबताना काय वेगळं केलं?"

पावणेसहाला तिनं बारावं पान पाठवलं. त्यावर दोनच ओळी होत्या. कथेतली बाई बाहेर येते, सगळं गाव एका आवाजात विचारतं, काय ऐकलंस? ती म्हणते, काही नाही, तुम्ही वाट बघत होतात.

सहाला पाच कमी असताना फोन वाजला. संपादकबाई होत्या, पण या वेळी त्यांना घाई नव्हती.

"छापतेय," त्या म्हणाल्या. मग जरा अडखळत, "एक विचारू? लेखन वाचताना आम्हाला नाव दिसत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. पण काल तर तुम्हाला माहीत नव्हतं, मग हा शेवट सुचला कुणाला?"

कानताईनं समोर बघितलं. मास्तर तिच्या खुर्चीत बसून, बंद केलेल्या यंत्राची एकेक कळ दाबून बघत होते.

"त्यांना ऐकू कमी येतं," ती म्हणाली. "थांबा हं, मी ओरडून विचारते."